दोघेही हजर

११ ऑगस्ट, सोमवार

पोचलो एकदाचा! ताईच्या हर्नडनच्या घरून दोन विमानं, मग कंपनीच्या पिकअपमधून साडेचार तास, आणि शेवटी नेवाडातलं हे गाव. गाव म्हणायचं ते आपलं मन मोठं म्हणून. एक पेट्रोल पंप, एक मोटेल, मोटेललाच चिकटलेली खानावळ आणि पंधरा-वीस घरं. आमच्या नागपुरात एवढी वस्ती एका गल्लीच्या तोंडाशी असते. पण चारी बाजूंचे डोंगर असे उघडेबोडके, तांबडे-जांभळे, की गाडी थांबवून मी दहा मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. कालच पाऊस पडून गेलाय. रानातल्या झुडुपांना ओल्या डांबरासारखा वास येतो आणि मला तो चक्क आवडला.

ही वही प्रणिताताईने दिली. तिथे बोलायला कुणी नसलं तर हिच्याशी बोल, म्हणाली. आईने पाठवलेली बुद्धाची छोटी मूर्ती डॅशबोर्डवर चिकटवली आहे. म्हणजे दोघं तर झालोच.

काम असं. उन्हाळ्यात इथे वादळी पाऊस पडतो, कोरड्या ओढ्यांना मिनिटांत लोंढा येतो आणि डोंगरातले कच्चे रस्ते वाहून जातात. नंतर आम्ही तिथे जायचं, कुठे किती खचलं ते मोजायचं, फोटो काढायचे. मास्टर्स करून शेवटी खड्डे मोजायला गेलास का, असं बाबा म्हणाले. म्हणू देत. शिक्षण संपल्यावर इथे नोकरीविना नव्वद दिवसच राहता येतं, आणि त्यातले ब्याऐंशी मी ताईच्या सोफ्यावर काढले होते. फ्रिस्कोच्या अनिलकाकांनी ऐन वेळी हात दिला. ठेका त्यांच्या कंपनीचा. त्यांची अट एकच, डोंगरात दोघांनी जायचं. दोघांच्या सह्या नसतील तर तो दिवस धरणार नाहीत. दोन आठवडे नीट भरले की पुढच्या शुक्रवारी नोकरीचं पक्कं पत्र, नाहीतर मी थेट नागपूरच्या विमानात. दुसरा माणूस म्हणजे राकेश, माझा कॉलेजचा जोडीदार. उद्या येतोय. धमाल आहे!

१२ ऑगस्ट, मंगळवार

राकेश येत नाही. बेलव्ह्यूच्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू निघाला म्हणे. "यार कुशल, एक वीक माझी प्रॉक्सी मार ना, काकांना कळणारसुद्धा नाही," एवढं बोलून फोन ठेवला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय.

पण प्रॉक्सीत माझा हात धरणारा कुणी नव्हता हे खरं. चार वर्षं मी राकेशची हजेरी लावली. सही डाव्या हाताने, म्हणजे अक्षर डावीकडे झुकतं आणि वेगळं दिसतं. तोंडी हजेरी असली की आवाज जड करून 'हजर'. तोही माझी लावायचा. एकदा मी हॉस्टेलच्या खोलीत तीन दिवस तापाने फणफणत पडलो होतो आणि कुणाला पत्ताच नव्हता, कारण वर्गात माझी हजेरी पूर्ण. हजर माणसाला शोधणार कोण? शेवटी राकेशच चार्जर मागायला आला आणि मी वाचलो. अजून हसतो आम्ही त्यावर.

इथे प्रत्येक डोंगरी रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी पेटीत रजिस्टर असतं. आत जाताना नाव, वेळ, सही. बाहेर येताना पुन्हा सही. शिवाय रोज सकाळी आठला शेरिफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसातला डेप्युटी वायरलेसवर सगळ्या ठेकेदारांच्या माणसांची नावं पुकारतो. आज त्याने माझं नाव घेतलं, मी हजर म्हणालो. राकेशचं घेतलं, आवाज जड केला, हजर. शिट्टी वाजवत गाडी काढली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काल आणि आज मिळून पन्नास मैल. पुराने काय काय केलंय! रस्ता सरळ चाललेला असतो आणि एकदम संपतो, खाली पुरुषभर खोल घळ. एका वळणावर मोटारीएवढा धोंडा रस्त्याच्या मधोमध येऊन बसलाय, जणू त्याचीच जागा. गाळ वाळून त्याच्या पापड्या झाल्यात, पाऊल टाकलं की कुरकुर वाजतात. तेवढाच आवाज. दिवसभरात एक माणूस दिसत नाही, एक गाडी नाही. दुपारी डबा उघडून मी रिकाम्या सीटला विचारलं, खाणार का रे राकेश? मग स्वतःलाच हसलो. एकटेपणाची एवढी सवय नाही मला. पाच जणांच्या खोलीत वाढलेला माणूस मी.

मोटेलची मालकीण शर्ली सत्तरीची आहे, मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणतो. तिने आज सूप वाढताना विचारलं की रजिस्टरात दोघं लिहिता, मग दुसरा जेवायला का येत नाही. पोट बिघडलंय, असं ठोकून दिलं. तिला पटलं नसावं. ती म्हणाली, डोंगरात गेलेल्यांपेक्षा कमी नावं लिहिली तर वाईट, पण जास्त लिहिली तर त्याहून वाईट. बाहेरची सही दिसली नाही की दुसऱ्या सकाळी लोक शोधायला निघतात, हरवलेला माणूस सापडतो. जास्तीचा माणूस कुणीच शोधत नाही, तो आपला येत राहतो. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं. मी मान डोलावली आणि सूप प्यायलो.

१६ ऑगस्ट, शनिवार

चौदा नंबरचा रस्ता. सगळ्यात लांबचा, पेटीपासून जुन्या खाणीपर्यंत एकोणीस मैल. खाणीजवळ पिकअप उभी करून ओढ्यात उतरलो. पहाटेच्या पावसाचा ओला गाळ होता. तासाभराने परत फिरलो तर माझ्या पावलांशेजारी दुसरी पावलं. माझ्यासोबत गेलेली आणि माझ्यासोबत थांबलेली. जिथे मी वाकून मोजलं तिथे तीही खोल रुतली होती.

कुणी हौशी भटक्या असेल. खरं सांगतो, भीती वाटायच्या आधी मला बरं वाटलं. हाकसुद्धा मारली. ओ आली नाही.

संध्याकाळी पेटी उघडली. माझी बाहेरची सही केली. राकेशची करायला पेन डाव्या हातात घेतलं, तर ती झालेली होती. डावीकडे झुकलेली, थेट मी करतो तशी. दमलो होतो, आधी करून विसरलो असेन.

१८ ऑगस्ट, सोमवार

गाडीत टिंगटिंग वाजत होतं. शेजारच्या सीटवर वजन असलं आणि पट्टा लावलेला नसला की वाजतं ते. सीट रिकामी होती. बॅग मागे, पाणी मागे. तीन मैल ऐकून घेतलं, मग मी हात लांबवून तो पट्टा लावला. थांबलं.

रात्रीपर्यंत थांबायला नको म्हणून फोटो दुपारीच गाडीत बसून बघितले. खचलेल्या जागी मी मोजायची उंच पट्टी दगडाला टेकवून ठेवतो, ती नेहमी तिरकी येते. आजच्या सगळ्या फोटोंत ती सरळ उभी आहे. कुणीतरी धरल्यावर राहते तशी.

आज सकाळच्या हजेरीला मी आवाज जड करायच्या आतच 'हजर' ऐकू आलं. मला वाटलं मीच बोललो. तोंड मिटलेलं होतं माझं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

राकेशचा फोन. त्याला बेलव्ह्यूची नोकरी लागली, आता तो येणारच नाही. माझं नाव लिहिणं बंद कर, म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, एकटा राहून तुझं डोकं फिरलंय, ताईकडे जा. मग त्याने विचारलं, तुझ्याबरोबर गाडीत कोण बोलतंय?

मी गाडीत एकटा होतो.

ताईला फोन करावासा वाटला. पण ती म्हणेल परत ये, आणि परत गेलो तर सगळंच संपलं. शुक्रवारी पत्र आहे. तीन दिवस. तीन दिवस फक्त दोन नावं लिहायची आहेत. मी भित्रा नाही. पण आज रजिस्टरात दोघांची नावं लिहिल्यावर मी मागे वळून गाडीत बघितलं, हे इथे लिहून ठेवतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. बीळ मीच करून दिलं. रोज, सहीनिशी.

२१ ऑगस्ट, गुरुवार. दुपार

चौदा नंबर. खाणीजवळचं शेवटचं मोजमाप राहिलं होतं.

डोक्यावर निळं आकाश होतं. पाऊस पलीकडच्या डोंगरावर पडला. आधी आवाज आला, दगड एकमेकांवर आपटत येतात तो. गाडी मागे घेऊन कशीबशी उंच कडेला चढवली, पुढची चाकं गाळात गेली. उतरताना दरड घसरली, उजवा पाय धोंड्याखाली आला. बाहेर काढला. घोट्याखाली बघवत नाही.

लोंढा ओसरला. रस्ता पुढेही नाही, मागेही नाही. फोनला इथे रेंज नाही. वायरलेसवर त्यांचं बोलणं मला ऐकू येतं, माझं त्यांना जात नाही. दोन बाटल्या पाणी आहे.

काळजी नाही. आत जाताना सही आहे, बाहेरची नाही. सकाळी निघतील शोधायला. शर्ली म्हणालीच होती.

शेजारची सीट आज वाजली नाही. पट्टा सुटलेला आहे. दार उघडं —

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आठची हजेरी झाली नाही, पुरामुळे गडबड आहे. नऊ वाजता डेप्युटी बोलला. सगळ्या पेट्या तपासल्या. चौदा नंबर, आत दोघे, बाहेर दोघे. काही शोधायचं नाही.

बाहेर दोघे.

मी ओरडत राहिलो. बटण दाबून बोट दुखलं.

दुपारी पुन्हा आवाज. तो कुणाला तरी सांगत होता, चौदा नंबरवाला पोरगा गाडी वर सोडून चालत आला. शर्लीकडे बसून सूप पितोय. दमलाय, फार बोलत नाही. गाडी ओढून आणायची घाई नाही, पुढच्या आठवड्यात बघू.

माझी प्रॉक्सी लागली.

आज पत्रावर सही होणार. तो करेल. ताईने मोटेलवर फोन केला तर तो घेईल. ताई, तुला कळेल ना? आवाज थोडा जड असेल. कळेल ना तुला?

राकेशला माहीत आहे. राकेश येईल चार्जर मागायला —

२३ ऑगस्ट, शनिवार

पाणी अर्धी बाटली. वायरलेसचा दिवा लाल, बॅटरी संपत आलीय.

आठ वाजले. हजेरी सुरू.

माझं नाव घेतलं. मी बटण दाबलं. माझ्या आधी उत्तर आलं. 'हजर.' माझाच आवाज. मी इथे तोंड उघडं ठेवून ऐकला.

मग राकेश.

कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. राकेश? शांतता. तो म्हणाला, उत्तर नाही, याच्यासाठी माणसं पाठवावी लागतील की काय —

गप्प बसायला हवं होतं. गप्प बसलो असतो तर आले असते. चार वर्षांची सवय. आवाज जड केला आणि —

हजर.

ऐकू गेलं. तीन दिवसांत पहिल्यांदा ऐकू गेलं. तो म्हणाला, ठीक, राकेश. दोघेही हजर.

८.१०

पुन्हा बटण दाबलं. माझं नाव सांगितलं, पाय सांगितला, खाण सांगितली. नुसती खरखर. जड आवाजात बोललो. तोंडातून हजर सोडून दुसरा शब्द निघत नाही. हजर. हजर. त्याने मला थट्टा पुरे म्हणून झापलं.

दिवा गेला.

८.३०

वर ढग आहेत. दगडांचा आवाज. लांब आहे अजून

अक्षर डावीकडे झुकतंय. पेन उजव्या हातात घेतलं होतं, मला आठवतंय. आता डाव्यात आहे. काढून घेता येत नाही

ज्याला ही वही मिळेल त्याने हर्नडनला ताईला कळवा. तिकडे जो जेवतोय तो मी नाही. मी इथे आहे. मी गेलो नाही. माझं नाव रा