उंबऱ्यावर दोघी

क्वोद्स्को, १४ मे १९७२

ती. गेनियामावशीस,
लुत्सिनाचा शि. सा. न. वि. वि.

मावशी, तुझ्या बहिणीनं, म्हणजे आमच्या मातोश्रींनी, सध्या घर डोक्यावर घेतलंय. ज्यांचं हे घर, त्या टीर्नरबाई जूनमध्ये येताहेत. यंदा पूर्व जर्मनीची सरहद्द व्हिसाशिवाय खुली झाली, आणि बाईंनी पत्र टाकलं की एकदा घर बघून जाते. युद्धानंतर तुमचं गाव सोव्हिएत हद्दीत गेलं आणि आई ते सोडून इथं आली, तेव्हा वर्षभर दोघी एकाच चुलीवर रांधत आणि भांडत होत्या. मग त्यांनाही बोचकं बांधून जर्मनीत जावं लागलं.

सव्वीस वर्षं परक्याचं घर, खिळा ठोकू नका म्हणणारी बाई आता शिडीवर चढून भिंती रंगवतेय. कोणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणते, ती बया म्हणेल पोलिश बायकांना घर ठेवता येत नाही.

मला मात्र धडकी भरलीय. झेनेक लग्नानंतर इथंच राहायला तयार आहे, फक्त गळकं छप्पर बदलू म्हणतो. आई हात लावू देत नाही. ज्याचं घर त्यानं शाकारावं म्हणे. थंडीआधी छप्पर झालं नाही तर आम्ही शहरात फ्लॅट बघणार, आणि आई इथं एकटी. बाईंना बघून ती आणखीच बिथरली तर? तूच चार शब्द लिही.

तुझ्या मायेची भुकेली,
लुत्सिना

झेलोना, बुचाचजवळ, २९ मे १९७२

चि. लुत्सिनास,
मावशीचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता मी बटाटे करपवले. स्तेफा पहिल्यापासून अशीच. पाहुणा येणार म्हटलं की कोंबड्यांनाही आंघोळ घालायची.

आमच्या माहेरच्या घरात आता मोत्र्या राहते, पण स्तेफाला तिचं नाव काढलेलं खपत नाही. मोत्र्या चांगली आहे गं. युक्रेनी म्हणून तिलाही पोलंडातल्या सानोकहून असंच हाकललं. तिच्या घरात कोण आहे, देव जाणे. साऱ्या युरोपाला संगीत खुर्ची खेळायला लावली, आणि खुर्च्या मोजणारा पळून गेला. आईला सांग, भांडायचं तर बसून भांडा.

झेनेकला गोड पापा, आणि मला विसरू नका.
गेनिया

क्वोद्स्को, २० जून १९७२

ती. मावशीस,
लुत्सिनाचा शि. सा. न. वि. वि.

अगं, काय सांगू तुला! टीर्नरबाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. आई आत, हातात स्वागताचं पाव-मिठाचं ताट. उंबऱ्यावरून हात मिळवला तर भांडण होतं, हे तुला ठाऊकच. या म्हटल्याशिवाय बाई आत येईनात. आणि आई या म्हणेना, कारण घर त्यांचं, आपण कोण बोलावणारे? दोघींचे डोळे भरलेत, आणि मेलं मला हसू आवरेना.

शेवटी बाईंनी त्यांच्या मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये विचारलं की स्तेफानिया, पाय दुखताहेत, तुझ्या घरात पाहुण्याला बसायला सांगतात की नाही? आई भडकलीच. म्हणाली, माझ्या घरातून आजवर कुणी उभ्या उभ्या गेलेलं नाही. तरातरा बाहेर गेली आणि दंड धरून बाईंना आत घेऊन आली. बोलून गेली खरी, मग स्वतःचंच बोलणं ऐकून उगाच स्वच्छ खुर्ची पुसत बसली.

पुढे संध्याकाळपर्यंत चुलीवरून भांडण, चेरीची वोडका आणि सारण भरून उकडलेल्या पिएरोगी. मध्येच पावसाची सर आली, आणि छपरातून थेंब नेमका बाईंच्या बशीत पडला. बाई हसून लोटपोट. म्हणाल्या, हे माझ्या सासऱ्यानं घातलेलं, तेव्हाही गळायचं, बदल की बाई. दुसऱ्या दिवशी आईनं झेनेकला कौलं आणायला धाडलं. लग्न सप्टेंबरात. मी नुसती नाचतेय.

आईची चिठ्ठी याच पाकिटात आहे. मला वाचू दिली नाही.

तुझी लाडकी,
लुत्सिना

चि. गेनियास,
स्तेफाचे आशीर्वाद.

लुत्सिनानं तिखटमीठ लावून सगळं लिहिलंच असेल. निघताना इर्मगार्द टीर्नर फाटकापाशी रडली. तिनं विचारलं, तू कधी तुझं घर बघायला गेलीस का? मी नाही म्हटलं. मला लाज वाटली गं. इतकी वर्षं मी मोत्र्याचा राग केला, आणि तिनं माझं काय घेतलं होतं?

तू आमंत्रण पाठव, म्हणजे मला परवाना मिळेल. आधी मोत्र्याला विचार, मी आलेलं चालेल का. म्हणावं, काही मागायला येत नाही. आईच्या खोलीत जरा बसेन, झालं. चार दिवसांहून जास्त राहा म्हणून आग्रह करू नकोस. मला घरी परतायला हवं. छपराचं काम चाललंय, आणि मी नसले तर हे लोक कौलं उलटी बसवतील.

तुझी,
स्तेफा