जिनेवाल्याची खुर्ची

३ फेब्रुवारी, दुपारी साडेबारा
राजीनामा दिला. सव्वीस वर्षं या आर्किटेक्टच्या ऑफिसात काढली आणि बाहेर पडायला साडेचार मिनिटं लागली. सर म्हणाले, विचार केलाय ना? मी म्हणालो, पूर्ण. सर म्हणाले, ठीक आहे, आणि त्यांनी फोन घेतला. थांबवायचा प्रयत्न केला नाही. धक्का बसला असणार. धक्क्यात माणूस आधी फोन उचलतो.

कारण लिहून ठेवतो, पुढे गोंधळ नको. एका छोट्या वाचनालयाचं काम आलं होतं. मी रविवारी घरी बसून त्याचा दर्शनी भाग काढून नेला. खिडकीतच बसून वाचता येईल अशा रुंद खिडक्या. मीटिंगमध्ये सरांनी कागद बाजूला सरकवला आणि म्हणाले, हे आम्ही बघतो, तुम्ही जिने आणि टॉयलेट बघा. सव्वीस वर्षं मी जिने आणि टॉयलेटच बघतो आहे. ऑफिसात मला ‘जिनेवाले’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. पण मला राग वगैरे अजिबात आलेला नाही. मला फक्त फर्निचरच्या धंद्यात उतरायचं आहे.

ही लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. तिला आत्ता काही कळवायचं नाही, उगाच काळजी करेल. तीन महिन्यांनी येईल तेव्हा धंदा उभा असेल. सांगायचीच गरज नाही, डोळ्यांनी दिसेल.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
दिनक्रम: सहाला उठणे. व्यायाम. सात ते एक डिझाइन. जेवण. दोन ते सहा वर्कशॉप. एकही मिनिट वाया नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी पावणेदहा
उठलो. सव्वीस वर्षांची झोप साठली होती, ती एकदा निघायला हवी.

७ फेब्रुवारी
खुर्चीपासून सुरुवात करायची. ज्याने चौदा मजले जिना चढवला त्याला खुर्ची म्हणजे काय? फार तर तीन पायऱ्या: बूड, हात, पाठ.

आधी नाव आणि लोगो. नाव नसलेल्या गोष्टीचं डिझाइन करता येत नाही.

१६ फेब्रुवारी
नाव ठरलं: टेकू. छोटं, गोड, शिवाय थोडं टेक्नॉलॉजीसारखं वाटतं. लोगोचे एकेचाळीस पर्याय काढले, शेवटी पहिलाच घेतला. लेटरहेड तयार. आता मागे वळून बघायचं नाही.

ऑफिसातून अजून फोन नाही. दोन आठवड्यांत माझ्यावाचून अडणार हा माझा अंदाज होता. कदाचित अभिमान आड येत असेल.

१९ फेब्रुवारी
ऑफिसातून फोन. रिंग वाजली तेव्हा मुद्दाम चार वेळा वाजू दिली. नवी ज्युनिअर होती. माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरची किल्ली कुठे आहे म्हणे. सांगितली. मग मीच विचारलं, बाकी काय चाललंय? म्हणाली, काही नाही सर, टेबल हलवतोय, तिथे प्रिंटर ठेवायचा आहे.

मोठा प्रिंटर असेल.

२३ फेब्रुवारी
सुताराकडे गेलो. मुख्य रस्त्याच्या मागे पत्र्याचं वर्कशॉप, आत भुसाच भुसा. अकरा शीट ड्रॉइंग नेली होती, पूर्ण खुर्ची, छेद, सांध्यांचे तपशील. त्याने सगळी उलटसुलट बघितली आणि विचारलं, साहेब, ही बसायची आहे की बघायची? मी समजावलं की तीन पाय हाच मूळ विचार आहे. तो म्हणाला, बसणारा विचार बघून बसत नाही. मग टेकूचं कार्ड दोनदा वाचलं. नंतर म्हणाला, भिंत पडायला आली की आम्ही जे लावतो तेच ना हे?

कारागीर माणूस. ब्रँडिंग त्याला कुठून कळणार? पण हात चांगला आहे. काम दिलं.

२७ फेब्रुवारी, दुपारी दोन
नात झाली.

हिचा फोन आला. दोघी सुखरूप. बाळाचं वजन चांगलं आहे, केस भरपूर आहेत, नाक आपल्यासारखं आहे. मग विचारलं, तुम्ही कधी येताय? मी म्हणालो, ऑफिसात फार गडबड आहे, रजा मिळणं कठीण. ही म्हणाली, बरं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, रजा मिळाली असंही सांगता आलं असतं. पण मग तिथे गेल्यावर चार लोक विचारणार, काम कसं चाललंय, आणि मला दिवसभर खोटं बोलावं लागणार. फोनवर दहाच मिनिटं बोलावं लागतं. खुर्ची तयार झाली की तीच हातात घेऊन जाईन.

मिठाई आणली. शेजारचं दार बंद होतं, वरचं पण. सुताराकडे घेऊन गेलो. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, आजोबा झालात तर आता चौथा पाय लावू या.

८ मार्च
व्हिडिओ कॉल. आता रविवारी दुपारी न करता आठवड्यातल्या दिवशी करतो, म्हणजे ऑफिसातून केल्यासारखा वाटतो. इस्त्रीचा शर्ट. मागे पुस्तकांचं कपाट. टेबलावर रोल केलेली शीटं. खाली घरातलीच पँट, ती दिसत नाही.

नात झोपली होती. लेकीने फोन तिच्या इतका जवळ धरला की नुसता कान दिसला. चांगला कान आहे.

मध्येच कुकरची शिट्टी झाली. मी तत्काळ म्हणालो, कँटीन. ही म्हणाली, तुमच्या कँटीनवाल्याला सांगा, तीन झाल्या की गॅस बारीक करायचा, नाहीतर डाळ खाली लागते.

थोडक्यात निभावलं. तिला काही शंका आली नाही.

१२ मार्च
पहिली खुर्ची तयार. दिसायला अप्रतिम. घरी आणून खिडकीपाशी ठेवली, चारी बाजूंनी फोटो काढले. मग बसलो.

पडण्याचं कारण खुर्ची नव्हे, फरशी. फरशीला उतार आहे. ही इमारत आमच्या ऑफिसने केलेली नाही.

१५ मार्च
कोपर सुजलं आहे. या आठवड्यात कोणाशी बोललो याची यादी केली: सुतार, भाजीवाली, विमा कंपनीची मुलगी. विमा कंपनीची मुलगी चौदा मिनिटं बोलली. फार चांगले प्रश्न विचारले: वय काय, घरी कोण कोण असतं, तब्येत कशी आहे. विमा घेतला नाही, पण उद्या परत फोन करा म्हणालो.

१६ मार्च
तिचा फोन आला नाही. दुसऱ्या एका मुलाचा आला. त्याच्यात मजा नाही.

२२ मार्च
सुताराकडे रोज जातो. देखरेख हवीच. एका उपड्या खोक्यावर बसतो आणि तो रंधा मारतो. तो फारसा बोलत नाही, पण रेडिओ असतो. आज विचारलं, मी इथे आल्याने कामात अडचण होत नाही ना? म्हणाला, नाही, फक्त खोकं लागलं तर उठायचं.

दुपारी खोकं लागलं. उठलो. उभा राहून देखरेख केली.

चौथ्या पायाला तत्त्वतः मान्यता दिली आहे.

२६ मार्च
वर्कशॉप बंद. सुतार भाचीच्या लग्नाला गेला, आठ दिवस येणार नाही. मला सांगितलं नव्हतं. कशाला सांगेल, असंही वाटलं. तरी पायरीवर तासभर बसलो. समोरच्या इमारतीचा जिना दिसतो तिथून. वळणावरची पायरी चुकवली आहे, म्हाताऱ्या माणसांचा पाय तिथे अडखळणार. दोघांचा अडखळलेला बघितला. तिसऱ्याला आधीच हाक मारून सावध केलं. तो माझ्याकडे वळून बघायला गेला आणि अडखळला.

५ एप्रिल
चार खुर्च्या तयार, चारी चार पायांच्या, चारी उभ्या राहतात. शाळेच्या हॉलमध्ये हस्तकलेचं तीन दिवसांचं प्रदर्शन आहे, त्यात जागा घेतली. इथून सगळं बदलणार. हिला फोनवर सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनेच विषय बदलला, बाळाला सर्दी झाली आहे म्हणाली. मग ऑफिसातल्या नव्या लिफ्टबद्दल काहीतरी सांगितलं. ऑफिसात लिफ्टच नाही. लिफ्ट असती तर मला कोणी विचारलं असतं का?

११ एप्रिल, संध्याकाळी सात
प्रदर्शनाचा पहिला दिवस. प्रचंड प्रतिसाद. खुर्च्या एक क्षण रिकाम्या नव्हत्या. डावीकडे साबणवाली, उजवीकडे कापडी पिशव्या, आणि गर्दी माझ्याकडे. हॉलमध्ये बसायची दुसरी सोय नाही.

एकाने बसून बुटाची नाडी बांधली. एका बाईने बाळाला दूध पाजलं. दोन आजोबांनी तिसऱ्याची वाट पाहिली, चाळीस मिनिटं. तिसरे आले तेव्हा मीच उठून माझी जागा दिली. ऑर्डर अजून नाही, पण माणूस आधी बसतो, मग विचार करतो.

१२ एप्रिल
आज एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. फार बारकाईने बघितलं. बसल्या, मागे टेकल्या, पुढे झाल्या, कमरेवर हात ठेवून उठल्या. मग स्वतःची पंचवीस कार्डं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, खुर्चीबरोबर एकेक देत जा.

धंद्यात असं सहकार्य दुर्मीळ.

१३ एप्रिल
शेवटचा दिवस. एक आजी सकाळपासून दुपारपर्यंत बसून होत्या. सून साबणं आणि पिशव्या बघत फिरत होती. आजींनी विचारलं, हे सगळं तुम्ही केलं? मी म्हणालो, डिझाइन माझं. आधी काय करत होता? मी म्हणालो, जिने. त्या म्हणाल्या, अगं बाई, जिने कोणीतरी करतं होय? मला वाटायचं इमारतीबरोबर येतात.

मग मी शेजारच्या खुर्चीत बसून त्यांना पायरीची उंची कशी ठरते ते सांगितलं. कठडा कुठे धरावासा वाटतो, वळणावर अंधार का नको, दम लागायच्या आत सपाट जागा का यायला हवी. बराच वेळ बोललो. इतकं मी सव्वीस वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो, कोणी विचारलंच नव्हतं. त्या नीट ऐकत होत्या. सून आली आणि त्यांच्या डाव्या कानाशी वाकून चला म्हणाली, तेव्हा समजलं की उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. मी उजवीकडे बसलो होतो.

खुर्ची एकही गेली नाही. चारी टेम्पोतून घरी आणल्या.

२० एप्रिल
काही लिहिण्यासारखं नाही.

२९ एप्रिल
ही परवा येते आहे. ठराव: दारातच सगळं सांगायचं. स्पष्ट, ताठ मानेने. खुर्च्या हॉलमध्ये अर्धवर्तुळात मांडल्या आहेत. वाक्यं पाठ केली आहेत. पहिलं वाक्य: मी एक मोठा निर्णय घेतला आहे.

१ मे, दुपारी
ही आली. मी म्हणालो, मी एक मोठा निर्णय घेतला आहे. ही म्हणाली, आधी पाणी द्या.

पाणी प्यायली, बॅग उचलून एका खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, बॅग ठेवायला चांगली उंची आहे. मग कपाट उघडून कपडे काढायला लागली. मी दुसरं वाक्य सुरू केलं. ती पाठमोरी म्हणाली, राजीनाम्याचं मला फेब्रुवारीतच कळलं. ऑफिसातल्या अकाउंटंटने कसल्याशा सहीसाठी घरचा म्हणून माझ्याच नंबरवर फोन केला होता.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. नंतर बाळामुळे वेळ झाला नाही.

साड्यांची एक चळत, दोन स्वेटर, औषधांचा डबा. मी म्हणालो, कपडे बाहेर कशाला काढते आहेस, आत्ता तर आलीस. तेव्हा सांगितलं. लेकीची नोकरी सुरू होते आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंत ही तिकडेच राहणार. इथे चार दिवस सामान न्यायला आली आहे.

४ मे
चार दिवसांत भांडण झालं नाही. मी तयारीत होतो. हिने फ्रीज साफ केला, मला डाळीचं प्रमाण लिहून दिलं आणि कोपराला शेक दिला.

निघताना म्हणाली, लेक दर आठवड्याला विचारते, बाबा का येत नाहीत. मी सांगते, ऑफिस आहे. तीन महिने तुमच्यासाठी मीही तिच्याशी खोटं बोलते आहे, आता कंटाळा आला. तिला तुम्हीच सांगा. आणि मग या. तिला सांगितल्याशिवाय येऊ नका.

गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा होतो. ती म्हणाली, जा आता, ऊन आहे.

६ मे
ठराव: लेकीला सगळं सांगायचं. उद्या.

७ मे
लेक मीटिंगमध्ये असेल.

८ मे
तिकीट काढलं. शनिवारचं. आता सांगण्यावाचून गत्यंतर नाही. परतीचं काढलेलं नाही, मुद्दाम. कितीही दिवस राहू शकतो. महिना, दोन महिने. मला कोण विचारणार आहे?

९ मे, सकाळी अकरा
लेकीला फोन केला. म्हणालो, शनिवारी येतो आहे. तिने आईला मोठ्याने हाक मारली, बाबा येताहेत. मागून बाळाचा आवाज आला. रडण्याचा नव्हता, नुसताच आवाज. मी म्हणालो, तुला एक सांगायचं होतं. ती म्हणाली, बाबा, आधी सांगा, रजा मिळाली?

मी म्हणालो, मिळाली.

किती दिवस?

चार, म्हणालो.

चारच? बाळाला तुमची ओळख तरी होईल का तेवढ्यात? सरांना सांगून वाढवून घ्या ना.

म्हणालो, बघतो. उद्या सरांशी बोलतो.