चौदा तारखेची पाळी

१८ मार्च
धंद्यातला माझा पार्टनर जंगुभाऊ, त्याला जाऊन महिना होऊन गेला. अजून ऑफिसचा फोन वाजला की तोच उचलेल म्हणून मी क्षणभर थांबते.

सिमेंट कारखान्याच्या नव्या मॅनेजरनी बोलावलं होतं. सिक्युरिटीचं कंत्राट मे महिन्यात संपतं. म्हणाले, "मॅडम, उन्हाळा लागला की तुमचे गार्ड बदलतात. चौदा एप्रिलला परत बदलतात. हा काय प्रकार आहे?"

सांगितलं. आमची अर्धी माणसं जिवतीच्या डोंगरावरची, गोंड. या दिवसांत मोहफुलं वेचायला घरी जातात. तेव्हा राजुऱ्याकडची आमची बौद्ध माणसं त्यांच्या पाळ्या ओढतात. बाबासाहेबांच्या जयंतीला उलट. डोंगरावरची मोह सोडून एक दिवस खाली येतात आणि गेट सांभाळतात. एवढ्या वर्षांत गेट कधी रिकामं राहिलं नाही.

"यंदा मी स्वतः बघणार. एक जागा रिकामी दिसली तर नागपूरची एजन्सी तयार आहे."

बघा म्हटलं. हा धंदा मला नवीन नाही.

२० मार्च
हे अदलाबदलीचं जंगुभाऊनंच काढलं होतं. तेव्हा राजुऱ्यात पिठाच्या गिरणीवर आमच्या ऑफिसची एकच खोली. दिवसभर टेबल थरथरायचं. मी टायपिंग क्लासची नोकरी सोडलेली, तो लाकूड डेपोवरची चौकीदारी. माजरीकडच्या एका गोदामाचं पहिलं काम, आणि मोहाच्या दिवसांत अर्धे लोक गायब. मी डोक्याला हात लावून बसले, तर म्हणाला, "बाई, आमचा मोह तुमी सांभाळा. तुमची जयंती आमी सांभाळतो." झालं. कुठे लिहिलं नाही, सही नाही.

आज गडचिरोलीच्या दवाखान्यांपर्यंत आमची माणसं आहेत. गार्ड, ड्रायव्हर, वॉर्डातल्या बाया. मोठ्या शहरातल्या कंपन्या विचारतात, तुमचे लोक सोडून का जात नाहीत. मी हसते फक्त.

दर वर्षी वर जाऊन घरोघरी आठवण करून द्यायचा तोच. यंदा मला जावं लागेल.

२७ मार्च
जिवती. उन्हानं डोळे दुखले. जंगुभाऊच्या घरी अंगणभर मोह वाळत घातलेला, वास कपड्यांना लागलाय. त्याची बायको सोनाबाई सुपानं फुलं उलटी-पालटी करत होती. मी चौदा तारखेचं काढणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"त्याचं कार्य ठरलं. चौदाले."

पितरांत मिळवायचं कार्य. मोहाच्या दिवसांत सारी माणसं गावातच असतात, म्हणून आत्ता.

"बहिणीच्या हातचं कापड लागते. त्याले सख्खी बहीण नाई. तूच आनजो."

"दोन दिवस पुढे नाही होणार?"

"साऱ्या गावांले सांगून झालं. काऊन, तुले काही अडचण हाये का?"

नाही म्हटलं.

म्हणजे त्या दिवशी डोंगरावरून कोणी खाली येणार नाही. मीही इथे नसेन. एवढ्या दिवसांत कुणी मला रडायला जागा दिली नव्हती. पार्टनर, एवढंच लोकांना माहीत. सोनाबाईनं दिली. आता ती सोडायची नाही.

२९ मार्च
रामटेकेला सांगितलं. कारखान्यावर आमचा सुपरवायझर, जुना माणूस. 

"पोट्ट्यांनी सारखे ड्रेस शिवले बाई. निळे."

"माहीत आहे."

"बाहेरची मानसं लावू का?"

गेट पासला पोलीस चौकशी लागते. पंधरा दिवसांत होत नाही. त्यालाही माहीत आहे.

४ एप्रिल
कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर राजुऱ्याकडच्या सगळ्या गार्डना जमवलं. जंगुभाऊच्या कार्याचं सांगितलं. नागपूरची एजन्सी वाट बघतेय, हेही.

सुखदेव स्पष्ट बोलला. आवडलं मला. "बाई, वर्षभर कुठी बी ड्युटी लावा. तो एक दिवस नोका मागू."

"जंगुभाऊ असता तर आला असता ना खाली," मागून कुणीतरी.

"तो असता तर कार्यच कायले असतं बे?"

हसले सगळे. मीही. मग कोणी चहा पिईना.

रामटेकेनं पाळ्या लावायला वही काढली. मी म्हटलं, ठेव. मी कुणाची पाळी लावणार नाही. ज्याला उभं राहावंसं वाटेल तो राहील.

परत येताना विचार केला. हुकूम केला असता तर उभे राहिले असते. पण मग पुढच्या मोहाला कोणी कुणासाठी उभं राहिलं नसतं. कंत्राट दुसरं मिळवता येतं. मी मिळवलेली आहेत. हे परत उभारायला जंगुभाऊ लागेल.

९ एप्रिल
मॅनेजरचा फोन. चौदाची नावं पाठवा.

"माणसं पाठवते," म्हटलं.

त्यांना आवडलं नाही.

संध्याकाळी राजुऱ्याच्या बाजारात कापड घेतलं. पांढरं. दुकानदार: "कोणासाठी, बाई?"

"भावासाठी."

"लग्न आहे का?"

मी पैसे मोजून दिले. त्यानं चांगलं दुमडून दिलं.

१३ एप्रिल
गावात झालर, पताका, डीजेची तपासणी सकाळपासून. उद्याच्या वंदनेला मी पहिल्यांदाच पुतळ्यापाशी नसेन. माझी बहीण म्हणाली, लोक विचारतील. विचारू दे.

संध्याकाळी रामटेके आला. गळ्यात नवा निळा दुपट्टा. बसला नाही.

"किती वाजता निघनार वर?"

"उजाडता."

"मंग गेटवरूनच जान. थांबून पाहून घेजा."

"कोण कोण..." एवढंच तोंडातून निघालं. पुढचं विचारलं नाही.  दारात जाऊन म्हणाला, "सोनाबाईले माहा जय भीम सांगजा."

कापड पिशवीत भरलंय. रस्ता गेटवरूनच आहे, दुसरा नाही. आम्ही तिथून जाऊ तेव्हा सकाळची पाळी लागून गेलेली असेल. लागली असेल तर.

ड्रायव्हरला सांगितलंय, थांबायचं नाही. थांबून पाहिलं तर हजेरी घेतल्यासारखं होईल. गेट डाव्या हाताला येतं. मी उजव्या खिडकीशी बसणार आहे.