ब्रेक फेल झाला नव्हता

राघू,

काल गाडीचा ब्रेक फेल झाला नव्हता. शाल्मलीला शाळेतून आणताना मागनं ॲम्ब्युलन्सचा सायरन वाजला, मी गांगरलो आणि ब्रेक समजून ॲक्सिलेटर दाबला. "आजोबा, थांबा!" म्हणून पोरगी ओरडली, तरी पाय हलला न्हाय. सायकलवरच्या तम्मण्णाचा हात मोडला. वय झालं म्हणायची लाज वाटली, म्हणून ब्रेकवर ढकललं. मग तू गॅरेजवाल्या सिद्धेशला अख्ख्या गल्लीसमोर शिव्या घातल्यास, आणि मी मान खाली घालून उभा राहिलो.

आता सिद्धेशची माफी मागायला चालत निघालोय, तिथनं तम्मण्णाकडं जाईन. किल्ली फ्रीजवर आहे, ती परत मला देऊ नको.

शाल्मलीला जवळ घेऊन खरं सांग. "ब्रेक लागलाच न्हाय म्हण," असं काल मीच तिला शिकवलं.

आप्पा