सारनाथचं वरण

बाबा,

परवा नातीला शाळेतून निबंध दिला होता, प्रवासात पाहिलेलं अविस्मरणीय ठिकाण. ती वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि विचारू लागली की आजी, तुझ्या सगळ्यात लक्षात राहिलेलं ठिकाण कोणतं. मी तिला काश्मीर सांगितलं, उटी सांगितलं, तुमच्या जावयाच्या नोकरीतल्या सवलतीवर आम्ही जिथं जिथं जाऊन आलो ते सगळं सांगितलं. खरं नाव सांगितलं नाही. ते सांगायला लागले असते तर मला रडू आलं असतं आणि पोर घाबरली असती. म्हणून ती झोपायला गेल्यावर तिच्याच वहीची चार पानं फाडून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. तुम्हाला वाचायला येत होतं ते दुकानांच्या आणि बसच्या पाट्यांपुरतं, त्यामुळे तुम्ही असता तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं.

हाच निबंध मलाही सातवीत होता, आठवतं का? मी तेव्हा कामठीच्या पलीकडे गेलेले नव्हते. पण माझे बाबा यात्रा कंपनीच्या बसवर आचारी होते, वर्षातले सहा महिने हिंदुस्थानभर फिरत होते, मग मला कशाची कमी? मी ताजमहालवर दणकून दीड पान लिहिलं. तिथं नदीकडून वारा इतका सुटतो की स्टोव्हभोवती पोतं धरून बसावं लागतं, पाणी जड आहे म्हणून तूरदाळ आदल्या रात्रीच भिजत घालावी, आणि कांदे शहरातून आणावेत कारण तिथले दुकानदार यात्रेकरू पाहून भाव लावतात. बाईंनी वर्गात वाचून दाखवला आणि म्हणाल्या, यात ताजमहाल कुठे आहे? सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन तुम्हाला रागाने सांगितलं तर तुम्हीही हसलात. मला तेव्हा कळायला हवं होतं. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी पाणी होतं, वारा होता, चूल होती. रामेश्वरला दाळ शिजत नाही, पुरीला मिठाला पाणी सुटतं, हरिद्वारला कणीक मळताना बोटं बधिर होतात. लोक दर्शनाला जायचे तेव्हा तुम्ही त्यांचं जेवण रांधत होता आणि ते जेवून उठायचे तोवर बस निघायची वेळ झालेली असायची.

एका ठिकाणाबद्दल मात्र तुम्ही वेगळं सांगायचात. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आपल्या गल्लीत तुम्ही चार वेळा सारनाथला जाऊन आलेला माणूस होता. बाकी कोणी जबलपूरही पाहिलं नव्हतं. पौर्णिमेला विहारात बाया-माणसं तुमच्याभोवती बसायची आणि तुम्ही सांगायचात की स्तूप किती उंच आहे, विटा कशा आहेत, हरणं कशी माणसांना भीत नाहीत. तिथून तुम्ही आणलेलं पिंपळाचं पान विहारात काचेच्या चौकटीत लावलं होतं. शेजारची म्हातारी आजी, जिला दिसत कमी होतं, दर वेळी एकच विचारायची की बुद्धाचे डोळे उघडे आहेत का मिटलेले. आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात की तेज एवढं आहे की डोळ्यांकडे पाहवत नाही. आजी हात जोडायची. मला तुमचा इतका अभिमान वाटायचा की मी विहारभर मान ताठ करून फिरत असे.

मग मी नववीत असताना दिवाळीच्या सुट्टीत ती यात्रा आली, प्रयाग, काशी, गया. पोळ्या लाटणारी बाई आजारी पडली आणि मालकांनी विचारलं, पोरीला आणतोस का. निघायच्या आदल्या दिवशी आईनं माझ्या वेण्या घालता घालता मला समजावून सांगितलं. गाडीत कोणाला जयभीम घालायचा नाही, नमस्कार म्हणायचं. आडनाव विचारलं तर महाराजांची मुलगी एवढंच म्हणायचं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की बसमधले लोक तुम्हाला महाराज म्हणतात आणि ते तुम्हाला ब्राह्मण आचारी समजतात. मालकांना सगळं ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता, तुमच्या हाताची चव त्यांना सोडायची नव्हती. तू खोटं बोलू नकोस, फक्त आपणहून सांगू नकोस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि एक बंडी घालून राहा. भट्टीसमोर घामानं भिजलेली ती पांढरी बंडी तुम्ही कधीच का काढत नाही याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. खांद्यावर जानवं नाही, हे कोणाला दिसू नये म्हणून.

तरी खरं सांगते, त्या प्रवासात मी फार सुखी होते. टपावर गंज-पातेली बांधलेली, मागच्या सीटवर भिवापुरी तिखटाच्या डब्याला टेकून मी बसलेली, आणि पुढच्या बाजूनं सारखं कोणी ना कोणी म्हणतंय की महाराज, आज वांग्याची भाजी फर्मास झाली. धरमपेठेतल्या एक काकू होत्या, नवरा वारलेला, बसमधल्या सगळ्यांवर त्यांचा वचक होता. त्यांना तुमचं वरण इतकं आवडायचं की त्या भातावर ते दोनदा घ्यायच्या. मला जवळ बोलावून त्यांनी प्रयागला काचेच्या बांगड्याही घेऊन दिल्या. मी त्या बांगड्या घालून काशीचे घाट पाहिले आणि मनात म्हणत होते की उद्या सारनाथ, उद्या बाबा मला सगळं दाखवणार.

सारनाथला बस थांबली तेव्हा दहा वाजले असतील. लोक उतरून आत गेले. तुम्ही बाहेरच, भिंतीला लागून एका पिंपळाखाली स्टोव्ह मांडले. मी कणीक मळायला बसले आणि विचारलं की बाबा, मूर्ती कोणत्या बाजूला आहे. तुम्ही वरणात डाव फिरवत होता. मी पुन्हा विचारलं. तेव्हा माझ्याकडे न पाहता तुम्ही म्हणालात,

“बाई, तू चांगलं पाहून येजो अन् मले सांगजो. डोळे उघडे हायेत का मिटलेले, तेवढं नीट पाहाय.”

मी वर पाहिलं. डोक्यावर पिंपळ होता, आणि विहारातलं चौकटीतलं पान मला दिसलं. तुम्ही चार वेळा येऊन गेलात आणि चारही वेळा या झाडाखाली बसून वरण शिजवलंत. भिंतीवरून दिसतो तेवढा स्तूप पाहिलात. मी विचारलं तेव्हा तुम्ही सगळं सांगितलंत, कमी शब्दांत. स्वयंपाक होता हे एक. दुसरं हे की आत गेलो तर माझ्यानं नुसतं उभं राहवणार नाही, हात जोडले जातील, तोंडातून त्रिशरण निघेल, आणि यात्रेकरू तिथंच असतात. चार पोटं आहेत. असं म्हणून तुम्ही पुन्हा डाव हातात घेतलात. आज माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि आज मला तुमच्या पायाशी बसावंसं वाटतं. पण तेव्हा मी चौदा वर्षांची होते, गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या आजीचे जोडलेले हात मला दिसत होते, आणि मी पिठाचे हात तसेच ठेवून तुम्हाला म्हटलं,

“भेता तुम्ही, बाबा. एवढं भ्यायचं होतं तर छप्पनले दीक्षा घेतलीच काहून?”

तुम्ही वरणाचा गंज स्टोव्हवरून उतरवून खाली ठेवलात, त्यावर परात झाकलीत, दोन्ही स्टोव्ह बंद केलेत. ड्रायव्हरभाऊंना सांगितलंत की जरा लक्ष ठेवा. मग बादलीतल्या पाण्यानं हात धुतले, पाय धुतले, तोंड धुतलं, आणि धोतराचा सोगा नीट करून माझा हात धरलात. लहानपणानंतर तुम्ही माझा हात धरला नव्हता. तुमचा पंजा केवढा खरखरीत होता, भाजल्याच्या डागांनी भरलेला. त्या तेवढ्या वाटेवर मला दोनदा वाटलं की म्हणावं, राहू द्या बाबा, परत जाऊ. मी म्हटलं नाही.

आत थंड फरशी आहे. समोर सोनेरी मूर्ती. आपल्या बसचे दहा-बारा लोक भिंतीवरची चित्रं पाहत फिरताहेत, काकू खांबाशी उभ्या आहेत. तुम्ही सरळ समोर जाऊन गुडघे टेकलेत आणि तुमच्या तोंडून बुद्धं सरणं गच्छामि निघालं, हळू नाही, विहारात पौर्णिमेला म्हणता त्या आवाजात. तीन वेळा डोकं फरशीला लावलंत. तिसऱ्यांदा लावलंत ते बराच वेळ उचललं नाही आणि तुमची पाठ हलत होती. मी तुमच्या मागे उभी होते, मी गुडघेही टेकले नाहीत. मी काकूंकडे पाहत होते. उठताना तुमचा चेहरा ओला होता आणि तुम्ही लहान मुलासारखं मला म्हणालात, “अर्धे मिटले हायेत वं. खाली पाहून राहिले. आपल्याकडं.”

जेवायला पंगत बसली. रोजच्यासारखं सगळं वाढलं. काकूंनी पहिला घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. वरण करपलं आहे म्हणाल्या. शेजारच्या गृहस्थांनीही वास घेतल्यासारखं केलं आणि हो म्हणाले. मग पंगतीभर तेच झालं, कोणाला वरण करपल्याचा वास आला, कोणाला भाताला लागल्याचा. कोणीही दुसरं काही म्हणालं नाही. जात हा शब्दसुद्धा कोणाच्या तोंडी आला नाही. तुम्ही हातात डाव घेऊन उभे होता. तीस वर्षांत ज्यानं एक घाणा लागू दिला नाही तो माणूस खाली मान घालून म्हणाला, “हो जी, करपलं. माझं ध्यान नव्हतं.” लोकांनी केळी घेतली आणि बसमध्ये जाऊन बसले. गयेपासून पुढे त्यांनी हॉटेलात जेवायला सुरुवात केली. आपण दोघं, ड्रायव्हरभाऊ आणि उरलेलं अन्न.

नागपूरला आल्यावर मालकांनी तुम्हाला बर्डीच्या ऑफिसात बोलावलं. त्यांच्याकडेही तक्रार वरणाचीच गेली होती. मग तुम्ही वाडीला ट्रकवाल्यांच्या खानावळीत लागलात. मी डबा घेऊन एकदा तिथं आले होते तेव्हा तुम्ही भट्टीसमोर उघड्या अंगानं बसला होता. मला एकदम चांगलं वाटलं, आणि मग छातीची हाडं दिसली. ड्रायव्हर लोक तुम्हाला कुठकुठल्या गावांच्या गोष्टी सांगत आणि तुम्ही विचारायचात, तिथलं पाणी कसं हाय गा? तुम्ही त्यानंतर नागपूरच्या बाहेर पडलाच नाहीत. वाडीच्या धुरानं तुमचा खोकला वाढला तो शेवटपर्यंत गेला नाही. मला तुम्ही एका शब्दानं कधी बोलला नाहीत. सारनाथहून आल्या आल्या आजीकडे गेलात आणि तिला डोळ्यांचं सांगून आलात, तेवढं मला माहीत आहे.

तुमच्यामागे मी ही गोष्ट पुष्कळांना सांगितली. विहारात सांगितली, माझ्या मुलांना सांगितली. माझे वडील नोकरीची पर्वा न करता सगळ्यांसमोर आत गेले आणि त्यांनी वंदना घेतली, असं सांगते. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी तुम्हाला काय बोलले होते ते त्यात नसतं. गेल्या वर्षी महिला मंडळाबरोबर मी सारनाथला गेले, तर सगळ्या आत गेल्या आणि मी गुडघ्याचं कारण सांगून भिंतीशी बसून राहिले. पिंपळ आहे अजून. तिथं आता चहाची टपरी आहे.

पण बाबा, तेवढंच असतं तर मी आत गेले असते. पंगतीत कोणी तुम्हाला विचारलंच नव्हतं. काकूंनी ताट सारलं ते मला विचारून. मी पोळ्या वाढत होते, मला हाताला धरून थांबवलं, चमचाभर वरण माझ्या तळहातावर घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की पोरी, तू तर घरचीच, तूच सांग, करपलंय की नाही? मी ते चाटलं. सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती. माझ्या हातात त्यांच्याच बांगड्या होत्या. तुम्हाला भेता म्हणून मला तासही झाला नव्हता. मी मान हलवली, हो म्हणून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग पंगतीकडे, आणि त्यानंतर म्हणालात, हो जी, करपलं.

ही पानं मी वहीत परत ठेवू शकत नाही आणि दुसरीकडे कुठं पाठवू हेही मला कळत नाही. सकाळी नात उठायच्या आत काय ते करीन.

वरण चांगलं झालं होतं, बाबा.