प्रेसच्या पेटीतलं कुंकू

आबा, कुपवाडच्या कारखान्यातल्या तुमच्या रबराच्या प्रेसबद्दल लिहितेय. साताऱ्यात सून म्हणून आले, आता स्वतः सासू झाले, तरी ती प्रेस डोक्यातून जात नाही. आणीबाणी उठली त्या वर्षी तिला कंट्रोलची नवी पेटी बसवली आणि तुम्ही नवरदेवासारखे मिरवत होता. मी डबा घेऊन आले की पेटी उघडून दाखवायचात. "ह्ये रिले. मशिनचं फुडचं दार उघडलं की ह्यो सुटतो आन् प्रेस जागच्या जागी थांबती. लाल दिवा लागला तर आदी का लागला ते बगायचं, मग रिसेट. लाईट गेली की ही पेटी सगळं इसरती, तवा पयल्यापास्नं सुरू करायचं." पोरीच्या जातीला हे कशाला, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. मीही कान देऊन ऐकायची.

खंडेनवमीला मशिनी बंद करून पुसल्या. पेटीची किल्ली तुम्ही माझ्या हातात दिलीत. "भायेरनं पूस, आत बोट घालू नगंस." आणि मी मोठी शहाणी! वर्षभर खटखट करणारे ते बिचारे रिले, त्यांनाच कुंकू नको का, म्हणून ओल्या कुंकवाचं बोट एकेकाला टेकवलं. खोडी म्हणून नाही हो आबा, भक्तीनं.

दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना सुरू झालाय. मी डबा घेऊन उभी आहे. तुम्ही पुढचं दार उघडता, साच्यातलं रबर काढायला हात घालता. दार उघडं, तरी वरची प्लेट खाली येतेय. तुम्ही हात ओढलात, सदऱ्याची बाही तेवढी फाटून आत राहिली. मेन स्विच पाडून तुम्ही पेटी उघडलीत. दाराचा रिले कुंकवानं चिकटून बसला होता. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. एवढ्यात मालक आले.

"पेटी कुणी उघडली?"

"मीच, मालक. पूजेला."

त्यांनी तुम्हाला पॅकिंगला बसवलं. परत कधी मशिनला हात लावू दिला नाही.

घरी तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं! "पोरी, जरा हिकडं ये," अशी हाक आली की वाटायचं, आज विचारणार! तुम्हाला नुसतं पाणी हवं असायचं. लग्नानंतरही माहेरी येताना एसटीतून उतरले की तीच धास्ती. जेवताना तुम्ही मान वर केलीत की मी ताटात बघायची.

हे पत्र टाकणार तरी कुठं? पण एक कबूल करते. तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा रडू नंतर आलं. आधी वाटलं, सुटले, आता आबा विचारणार नाहीत.