मोदोरू की काएरू

१२ नोव्हें. १९४६, जळगाव
साक्रीकडून यशोदा नावाची बाई आली, सोबत सासरे. मी लढाईआधी नऊ वर्षं जपानी कापूसवाल्यांकडे कारकून होतो, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. नवरा सुपडू, पलटणीत ड्रायव्हर, सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत सापडलेला. पलटणीच्या कचेरीने आता कैद्यांच्या छावणीतल्या जपानी स्वयंपाक्याची चिठ्ठी पाठवली आहे, वर इंग्रजी तर्जुमा. त्यात एवढंच, लढाई संपल्यावर सुपडू छावणीतून निघाला, तिसऱ्या दिवशी ‘रिटर्न्ड’. कचेरी म्हणते, हिंदुस्थानात परतला. वर्ष झालं, घरी पत्ता नाही.
"भाऊ, तो देशमा उना आनि घर उना नही, दुसरी करी लिधी, आसं बठ्ठा गाव म्हनस. तुम्ही वाची द्या."
म्हणजे देशात येऊनही घरी आला नाही, दुसरी बायको केली, अशी गावभर बोलणी. सासरे, आबा, मान खाली घालून. लेकाने लाज आणली म्हणून सुनेचा पाट धाकट्याशी लावायचा घाट.
चिठ्ठी ठेवून घेतली. आठ दिवसांनी या म्हटलं.

१३ नोव्हें.
मूळ शब्द ‘मोदोरिमाशिता’. मोदोरू. ‘काएरू’ नाही. इंग्रजीत दोन्ही एकच. ऑफिसातल्या जपानी साहेबाने एकदा हसून सांगितलेलं, बाजारातून ऑफिसात येतोस ते मोदोरू, संध्याकाळी घरी जातोस ते काएरू. आपल्या माणसांत, आपल्या मुलखात जाणं ते काएरू.
म्हणजे सुपडू छावणीतच परत गेला? सुटलेला माणूस तिकडे कशाला जाईल? कुणी मागे राहिलं होतं?

१५ नोव्हें.
जेवण नीट नाही. माझी जपानी शब्दांची वही बेचाळीसमध्ये पोलिसांच्या भीतीने चुलीत घातली, आता सगळा भरवसा डोक्यावर. देशी परतलेल्यालाही ते कधी मोदोरू म्हणत असतील तर? मेहरूणच्या तळ्यावर दोन्ही शब्द पुटपुटत फिरलो. धुणाऱ्या बाया बघत होत्या.

१८ नोव्हें.
हिला सांगितलं. म्हणाली, "इंग्रजीत आहे तेच राहू द्या. निदान जिवंत तरी आहे."
खरंच आहे. इंग्रजी धरलं तर नवरा जिवंत पण बेइमान. जपानी धरलं तर इमानी, पण त्या छावणीत पुढे काय झालं...

२० नोव्हें.
दोघं आली. सगळं सांगितलं, माझी शंकाही. यशोदेने तो शब्द चिठ्ठीत दाखवायला लावला. मग,
"म्हंजे त्यानी माले टाकं नही."
"बहुतेक नाही."
"जिता शे का?"
"ते यात नाही, बाई."
आबा उठून ओट्यावर गेले. लेकाला वर्षभर शिव्या दिल्या म्हणाले, आणि तोंड पुसलं. पाटाचं विचारलं तर, "आते नही."
ती रडली नाही. म्हणाली, त्या स्वयंपाक्याला लिहा, कुठे गेला, कुणासाठी गेला.

२३ नोव्हें.
तीन कागद फाडले. अक्षरं हात विसरलाय. शेवटी लिहायचं होतं, सुपडू भेटला तर परत ये म्हणून सांगा. तिथे काएरू घातलं. त्याबद्दल शंका नाही.

२५ नोव्हें.
पोष्टातल्या बाबूने पाकीट उलटसुलट पाहिलं; पत्ता चिठ्ठीवरचाच, स्वयंपाक्याच्या जपानातल्या घरचा. जपानला पत्रं पोचतात का, त्याला ठाऊक नव्हतं. मला विचारू लागला, आत काय लिहिलंय. सांगितलं, एका माणसाची चौकशी. घेतलं त्याने.
यशोदेला काय कळवू? पत्र गेलं, एवढंच.